रकाना कुणी आखला?

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या फीसाठी सरकार आई-वडिलांना अनुदान देतं. त्यातले लबाड अर्जदार हुडकायला तिथल्या कर खात्याने २०१३ पासून स्वतः शिकणारं संगणकीय मॉडेल वापरलं. प्रत्येक अर्जाला जोखमीचे गुण. आणि गुण देताना बघायचं काय, तर अर्जदार डच नागरिक आहे की नाही! अहो, फी भरली की नाही हे पावती सांगते. पासपोर्ट कसा सांगेल?

उत्पन्न कमी असेल तरीही संशय वाढे. आता हा अकलेचा प्रकार पाहा. कमी उत्पन्नवाल्यांना जास्त अनुदान द्यावं, हा नियम याच सरकारचा. म्हणजे योजना ज्यांच्यासाठी, पहिले आरोपीही तेच.

जास्त गुणांचा अर्ज तपासायला एका कर्मचाऱ्याकडे येई. गुण जास्त का, हे त्याला कळायची सोयच नव्हती. आई-वडिलांनी मात्र एकेक कागद पुरवायचा. एखादी सही राहिली, फीमधला स्वतःचा थोडा वाटा भरायचा राहिला, की वर्षाचं सगळं अनुदान परत करा. हजारो युरो! हे क्रौर्य नियमाचं होतं. यंत्राने बळी निवडून दिले. आमच्या फाइलमध्ये आहे तरी काय, असं विचारणाऱ्या पालकांच्या हाती काळी फासलेली पानं पडली. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. त्यांतल्या हजाराहून अधिक मुलांना आई-वडिलांपासून दूर ठेवण्यात आलं.

यावर धोरणपंडितांचं निदान काय? यंत्र पक्षपाती निघालं! मला या वाक्याची चीड आहे. नागरिकत्वाचा रकाना संगणकात आपोआप उगवत नाही. तो पगारी माणसं आखतात, त्यांचे साहेब मंजूर करतात. डच नागरिकांचं दुसरं नागरिकत्व जानेवारी २०१४ पासून विचारातच घ्यायचं नव्हतं. तरी मे २०१८ मध्ये तब्बल १४ लाख लोकांच्या तशा नोंदी खात्याकडे होत्या. त्या पुसायला कोणती कृत्रिम बुद्धिमत्ता लागत होती? साधी बुद्धीही पुरली असती, आणि थोडी लाज.

डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने आपल्या अहवालाला ‘अभूतपूर्व अन्याय’ असं नाव दिलं. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. काळजीवाहू म्हणून खुर्चीवर तेच राहिले, निवडणुकीत पक्ष पुन्हा पहिला आला, जानेवारी २०२२ मध्ये तेच पुन्हा पंतप्रधान. ऑक्टोबर २०२४ पासून तर ते नाटोचे सरचिटणीस आहेत. खात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड झाला, तोही जनतेच्याच पैशातून. त्या जनतेत छळलेले आई-वडीलही आले. सरकारने सरकारला दंड करायचा आणि भरायचा लोकांनी, याला शिक्षा म्हणणं हा निर्लज्जपणा आहे.

हे सगळं डच लोकांचं म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी स्थापन केली. यंत्र कसं शिकतं, हे तुम्हाला नाही समजलं तरी चालेल. त्यात रकाने कोणते, ते कुणी मंजूर केले, आणि निरपराध माणूस अडकला तर त्याने दाद कुणाकडे मागायची, एवढं आपल्या आमदाराला विचारा. लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.