धीराची परीक्षा की भरवशाची?

शाळेच्या पालकसभेत किंवा व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. चार वर्षांच्या मुलापुढे मार्शमेलो ही मऊ मिठाई ठेवली. ‘मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील,’ असे सांगून ताई बाहेर गेल्या. ज्यांनी धीर धरला ती मुले पुढे चमकली, ज्यांना तो धरवला नाही ती मागे पडली. ऐकणारे आईबाप घरी येऊन पोराकडे संशयाने पाहू लागतात.

प्रयोग खरा आहे. वॉल्टर मिशेल यांनी तो १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केला. विद्यापीठाशी संबंधित कुटुंबांतली मुले तिथे मोठ्या संख्येने होती. मिशेल यांना मुळात कुणाचे भविष्य वर्तवायचे नव्हते. मुले स्वतःला कशी आवरतात, कुणी डोळे झाकते, कुणी गुणगुणते, हे पाहायचे होते. ती मुले मोठी झाल्यावर त्यांच्या परीक्षेतल्या गुणांशी संबंध जुळवला गेला. नमुना छोटा असल्याने हा संबंध असावा त्याहून मोठा दिसत असेल, असे संशोधकांनीच १९९०च्या निबंधात बजावले होते. ते वाक्य व्यासपीठापर्यंत पोहोचलेच नाही.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक अमेरिकी मुलांची माहिती तपासली. ज्यांच्या आया पदवीधर नव्हत्या अशी मुले त्यात निम्म्याहून अधिक होती. या मुलांमध्ये थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या शैक्षणिक प्रगतीचा संबंध सापडला, पण आधीच्या अभ्यासाच्या निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर तो आणखी दोन तृतीयांशाने घटला. या मुलांना सातच मिनिटे थांबायचे होते, म्हणजे ही जुन्या प्रयोगाची तंतोतंत पुनरावृत्ती नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

त्याहून बोलका प्रयोग सेलेस्ट किड यांचा, रॉचेस्टर विद्यापीठातला. मुले अवघी २८, म्हणून तोही जपूनच वाचावा. आधी चित्रकलेसाठी छान खडू आणून देण्याचे वचन दिले. निम्म्यांसाठी पाळले, निम्म्यांना ‘नाहीत गं, संपले’ असे सांगितले. मग मिठाई ठेवली. वचन पाळलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, फसवली गेलेली तीनच. स्वभावातला संयम तीन मिनिटांवर आला म्हणावे, की मोठ्यांवरचा विश्वास? ज्या घरात ‘उद्या आणू’ म्हटलेली वस्तू कधीच येत नाही, तिथले मूल हातातला लाडू लगेच खात असेल तर ते बरोबरच हिशेब करत आहे.

एकाच प्रयोगाची ही गत नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर जेमतेम ३६ टक्के पुन्हा उतरले. ही झाडाझडती मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच घेतली, हे त्या शास्त्राचे मोठेपण. पण दुरुस्ती संशोधनपत्रिकांत राहते आणि जुनी गोष्ट शिबिरांत फिरत राहते.

पालकसभेत कुणी ही गोष्ट सांगू लागले तर हात वर करून विचारावे: मुले किती होती, कुणाची होती, नंतर कुणी पुन्हा करून पाहिले का? वक्ते थोडे वैतागतील. वैतागू द्यावे. चार वर्षांच्या पोरावर ‘याच्यात संयम नाही’ असा शिक्का त्या गोष्टीच्या जोरावर बसतो आणि तो पुसायला कुणी परत येत नाही.