समुद्राकडे पाठ केलेली घरे

आमच्या घरी दर हिवाळ्यात एक वाद उद्भवतो. चार दिवस समुद्रकाठी जायचे यावर सर्वांचे एकमत असते. उतरायचे कुठे यावर मात्र कधीच नसते. गेल्या खेपेस दिवेआगरचे ठरले. माणसे सात: आई, आम्ही दोघे, आमची मुलगी, बहीण, मेहुणे आणि त्यांचा मुलगा. मुलांना पोहण्याचा तलाव असलेले रिसॉर्ट हवे होते. (समुद्र पाचशे पावलांवर असताना पोहायला तलाव कशाला, हे विचारण्याची सोय आता उरलेली नाही.) मेहुण्यांना ‘सी व्ह्यू’ हवा होता. आईला ‘घरगुती’ हवे होते. बहिणीला आणि पत्नीला चार दिवस ओट्यापुढे उभे राहायचे नव्हते, बाकी कशालाही त्यांची ना नव्हती. मी वर्गात कोकणातल्या कादंबऱ्या शिकवतो, त्यामुळे माझा कौल कुठे पडणार हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच बहुधा तो कोणी विचारला नाही.

वाद खोलीभाड्याचा आणि गरम पाण्याचा असतो, हे खरेच. पण त्याच्या तळाशी आणखी काही असते. परक्या गावात आपण कोणाच्या छपराखाली झोपतो आणि कोणाच्या हातचे जेवतो, यावरून ते गाव आपल्याला किती दिसणार आणि काय दिसणार नाही, हे बरेचसे ठरून जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे निवेदकाच्या स्थानासारखे वाटेल. एकदा निवेदक माडीवर बसवला की अंगणातले काही त्याच्या नजरेस येते, माजघरातले येत नाही.

‘सी व्ह्यू’चीच गोष्ट घ्या. दिवेआगर, गुहागर, केळशी, दापोलीजवळचे मुरूड ही गावे ज्यांनी पाहिली असतील त्यांना त्यांची ठेवण आठवेल. गाव लांबट, किनाऱ्याला समांतर. मधून एक रस्ता, दुतर्फा घरे, घरांची तोंडे रस्त्याकडे. घरामागे विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला गडगा, त्यापलीकडे केवडा किंवा सुरू, आणि मग वाळू. म्हणजे समुद्र घराच्या पाठीशी, आणि तोही वाडीच्या आडोशाने. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशेजारी काढल्या त्यांनी त्याच्याकडे तोंड करून घर बांधले नाही. खारे वारे, उडती वाळू, आषाढातले उधाण यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना खिडकीतून समुद्र दिसण्याचे कौतुक नव्हते. ते कौतुक आपले, घाटावरच्यांचे. ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यामार्गे धुळीने माखून येणाऱ्याला समुद्र ही वर्षातून चार दिवसांची चैन असते आणि त्या चैनीसाठी तो जास्तीचे भाडे मोजायला तयार असतो.

या कौतुकापायी किनाऱ्याचे काय होते आहे हे सर्वविदित आहे. १९९१च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांचा पट्टा नव्या बांधकामापासून मोकळा ठेवला होता. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो पन्नास मीटरांवर आणला. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-मुरूडच्या टापूत, येऊन धडकले. दिवेआगरच्या वाड्या आणि सुरूचे बन त्यात आडवे झाले. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षे घेते, नारळही तितकाच वेळ काढतो. त्यामुळे वादळानंतर अनेक घरांत वाडी हे उत्पन्न राहिले नाही, ती आठवण उरली, आणि जोडधंदा म्हणून काढलेल्या दोन खोल्या हाच मुख्य धंदा झाला. पर्यटकाने हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते, दयेपोटी नव्हे, हिशेबापोटी. आपण दिलेले पैसे त्या घरात काय भरून काढतात, ते ठाऊक असावे.

येथवर माझा कौल घराच्याच बाजूने होता. तसे मी टेबलावर बोलूनही दाखवले. मेहुण्यांचे मन वळले नाही, पण रिसॉर्टचे दर ऐकून ते गप्प झाले, आणि आईच्या सांगण्यावरून मी एका घरी फोन लावला.

‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय.’ कोकणात मैलोगणती दिसणारी ही पाटी मला एखाद्या स्वतंत्र वाङ्मयप्रकारासारखी वाटते. (मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जाणारा शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा ताम्रपट याच दिवेआगरचा, तेव्हा या गावाची अक्षरे जरा लक्षपूर्वक वाचायला हरकत नाही.) या पाटीतला प्रत्येक शब्द सावध आहे. ‘सोय’ म्हणजे चैन नव्हे. गैरसोय झाली तर तक्रार बेताने करा, असे त्यात गृहीत आहे. ‘घरगुती’ हे एकाच वेळी विशेषण आणि अट. खाली पुरुषाचे नाव आणि त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक. ज्या बाईच्या हातची चव या पाटीवर विकली जाते, तिचे नाव मी तरी क्वचितच पाहिले आहे. आणि बऱ्याच पाट्यांवर शेवटी, किंचित ठळक अक्षरांत, ‘शुद्ध शाकाहारी’.

फोनवरच्या गृहस्थांचा आवाज प्रेमळ होता. किती माणसे, किती दिवस, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, वगैरे झाले. मग ते म्हणाले, “आपलं आडनाव?” मी सांगितले. पलीकडचा आवाज एक पट्टी सैल झाला. “मग काय, आपल्यातलेच की. या, या. आईंना जिना चढायला लागणार नाही, खालची खोली ठेवतो.” मी हे घरात सांगितले तेव्हा आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही. काही मिनिटांनी मला त्या समाधानाची लाज वाटली. पण आधी ते वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात मी हा किस्सा एका सहकाऱ्याला सांगितला. ते माझ्याच विभागात शिकवतात, दलित आहेत, आणि वीस वर्षांच्या आमच्या ओळखीत मी त्यांना कोकणातल्या घरांविषयी अनेकदा भरभरून सांगितले आहे. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “आम्ही नेहमी हॉटेलातच उतरतो. तिथला पोरगा आधारकार्डाची झेरॉक्स काढतो, कार्ड परत देतो आणि किल्ली देतो. त्याला वाचायला वेळ नसतो.” एवढेच. आवाजात कडवटपणा नव्हता. एकदा मुलांच्या हट्टाखातर त्यांनीही असा एक फोन लावला होता. आडनाव सांगितल्यावर खोल्या भरलेल्या निघाल्या. असेलही तसे, सुट्टीचे दिवस होते, असे तेच म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारले नाही.

मी ज्या हॉटेलाला इतकी वर्षे रुक्ष, चेहरा नसलेले, कोणत्याही गावात उचलून ठेवावे असे म्हणत आलो, त्याचा चेहरा नसणे ही कोणासाठी तरी सुटकेची जागा आहे, हे मला पन्नाशीत कळावे! आणि तेही कादंबऱ्या शिकवणाऱ्याला. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मी किती वर्षे शिकवतो आहे. त्यात बापू आणि राधा यांच्या संबंधाने गाव ढवळून निघते, आणि कोणी कुठे उठावे-बसावे, कोणाकडचे खावे-प्यावे हा केवढा मोठा प्रश्न त्या गावाला वाटतो, यावर मी परीक्षेत गुणही दिले आहेत. मात्र सुट्टीत त्याच किनाऱ्यावर गेलो की मला पडवी, झोपाळा आणि फणसाची भाजी एवढेच दिसायचे. जेवणाच्या पानावर बसताना मला कोणी काही विचारले नव्हते, म्हणून तिथे काही विचारले जाते हेच मला माहीत नव्हते.

येथे कोणी म्हणेल, घर ज्याचे त्याचे. कोणाला उतरवून घ्यावे हा त्याचा प्रश्न. मला हे पटत नाही. ज्या क्षणी घरावर पाटी लागली आणि ताटाचा दर ठरला, त्या क्षणी ते सार्वजनिक झाले. पैसे घेताना धंदा आणि माणसे निवडताना घर, अशा दोन्ही सवलती एकदम घेता येणार नाहीत. ‘पाहुणा’ हा शब्द तर फारच जपून वापरायला हवा. पाहुण्याला दर नसतो आणि गिऱ्हाइकाला गोत्र नसते.

शाकाहाराचेही असेच. कोणी काय खावे आणि काय रांधावे याबद्दल माझी तक्रार नाही. कुळथाचे पिठले आणि सोलकढी यांवर माझे प्रेम आहे, आणि मांसाहार करणारे घर आडनाव विचारत नाही असेही काही नाही. माझा आक्षेप ‘शुद्ध’ या शब्दाला आहे. समुद्राच्या काठावर मासळीखेरीजचे अन्न तेवढे ‘शुद्ध’ ठरवले की ज्यांचे सारे आयुष्य मासळीवर चालते त्या कोळ्यांच्या, खारव्यांच्या, गाबितांच्या चुलीला नाव न घेता काय म्हटले गेले, हे भाषेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. ‘शाकाहारी’ एवढे पुरेसे असताना आधीचे ते दोन अक्षरी विशेषण कोणासाठी लिहिले जाते?

मग हॉटेलात उतरावे का? माझे उत्तर अजूनही ‘नाही’ असेच आहे, पण पूर्वीच्या खात्रीने नाही. हॉटेलातला नफा बहुतेकदा गावाबाहेर जातो. घरातला पैसा घरात राहतो, आणि तो कोणाच्या हाती राहतो हा प्रश्न असला तरी बाहेर जाण्यापेक्षा ते बरे. बाणकोटजवळच्या वेळासला कासव महोत्सवासाठी येणारी मंडळी गावातल्या घरांतच उतरतात. कासवांची अंडी जपण्यात गावाचा असा रोकडा स्वार्थ निर्माण झाला आणि त्याचा फायदा कासवांना झाला. हे एखाद्या रिसॉर्टने झाले नसते.

दिवेआगरला आम्ही शेवटी त्याच घरी गेलो. ठरलेले मोडण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि आई खालच्या खोलीच्या आशेवर होती. यजमान खरोखरच सज्जन होते. आईला चालवत वाळूपर्यंत नेऊन आणले. मुलांना पोफळीवर चढण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. मी त्यांना काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा होता. यजमानीणबाई एकट्या नारळ खोवत बसल्या होत्या. आम्ही सांगितलेले एकवीस मोदक त्या दिवशीच्या पानांवर यायचे होते. माझ्या पत्नीची आणि बहिणीची विश्रांती कशातून आली ते मला त्या दिव्याखाली दिसले. “एवढ्या लवकर?” मी विचारले. “तुमच्यानंतर अजून दोन गाड्या यायच्यात,” त्या म्हणाल्या, आणि मग, मी काही न विचारता, “हे मला सांगतात पानं किती. गाड्या कोणाच्या ते मी विचारत नाही.”

हे वाक्य मी सहकाऱ्यांना सांगितले. ते बराच वेळ हसले. या मार्चमध्ये आम्ही दोन्ही कुटुंबे मिळून जाणार आहोत. जागा शोधण्याचे काम त्यांनी माझ्यावरच सोपवले आहे, ‘तुझ्या आडनावाने विचारायचे नाही’ या अटीवर. मी पाच घरांना फोन केले. प्रत्येक ठिकाणी त्यांचे आडनाव सांगितले, तेही विचारण्याआधीच. दोन ठिकाणी खोल्या भरलेल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी आडनाव पुन्हा एकदा विचारले आणि फोन करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेले नाही. चौथा फोन लागलाच नाही. पाचव्या ठिकाणी एका बाईंनी उचलला. मागे कसल्या तरी फोडणीचा आवाज येत होता. मी आडनाव सांगितले, तारखा सांगितल्या, माणसे नऊ म्हणून सांगितले.

“मासे खाता ना सगळे?” त्यांनी विचारले. “एक आजी सोडून,” मी म्हणालो.

“आजींना पिठलं करू. या.”