स्लॅबवरचे ऊन

मे 2024 च्या अखेरच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात कलम 144 लागू झाले. कारण होते ऊन. पारा 45 अंशांपुढे गेला होता. कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे पुरवा, खासगी शिकवणी वर्ग सकाळी दहा ते पाच बंद ठेवा, असे जिल्हाधिकाऱ्यांना आदेशाने सांगावे लागले. त्या दिवसांत अकोला-अमरावतीत घरोघरी कूलर आणि एसी अखंड चालू होते. वीज वाचवा, हा सल्ला अशा वेळी घरातल्या माणसाला देणे मला पटत नाही. तो आधी आपल्याला, म्हणजे घर आखणाऱ्या आर्किटेक्टला, अभियंत्याला आणि ठेकेदाराला द्यायला हवा.

आपल्याकडचा सूर्य नीट पाहा. अकोला आणि अमरावती 20.7 ते 20.9 अक्षांशावर आहेत. मेच्या चौथ्या आठवड्यात, नवतपा लागतो त्याच सुमारास, सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. मावळतो तोही पश्चिमेपासून वीसेक अंश उत्तरेला सरकून. दक्षिणेच्या भिंतीला या काळात फारसे ऊन लागतच नाही. आपण मात्र चारही बाजूंना सारखाच दोन फुटी सज्जा काढतो आणि वायव्येच्या बेडरूमला मोठी सरकती काचेची खिडकी देतो. संध्याकाळचे तिरपे ऊन अशा सज्ज्याला जुमानत नाही. तिथे उभी आडोशाची भिंत, जाळी किंवा झाड हवे.

सगळ्यात जास्त मार खाते ते छत. वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरे आठवा: जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर. दुपारची उष्णता आत झिरपेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसे अंगणात बाजा टाकून झोपलेली असायची. पाच इंची स्लॅब तीच उष्णता काही तासांतच खाली पोचवतो, नेमकी घरी परतण्याच्या वेळेला. त्यावर गळती थांबवायची म्हणून डांबरी फेल्ट अंथरले, तर काळा रंग ऊन आणखी पितो. गळतीचा प्रश्न खरा आहे. पण काळे फेल्ट उघडे सोडणे ही आपलीच चूक आहे.

केंद्राच्या इको निवास संहितेने 2018 मध्ये छताच्या यू-मूल्याची कमाल मर्यादा 1.2 ठेवली. उघड्या आरसीसी स्लॅबचे मूल्य तिच्या दुपटीहून जास्त भरते. ब्रिक बॅट कोब्याने ते उतरते, पण मर्यादेत येत नाही. कोब्याखाली इंचभर एक्सपीएस घातले, की येते. वरून पांढरा चायना मोझॅक असला तर ऊन बरेचसे परतूनही जाते. ज्यांचे घर आधीच बांधून झाले आहे त्यांच्यासाठी चुना आहे. होळी झाली की गच्ची झाडून, डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात द्यायचे. पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यायचा. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. विदर्भाचा उन्हाळा काही तिथल्याहून सौम्य नाही.

छत आटोक्यात आले की कूलरही पुरतो. कोरड्या मेमध्ये त्याच्यासारखे यंत्र नाही: एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे पाऊण युनिटाएवढी उष्णता ओढून घेते, आणि त्यासाठी मोटर खाते दीड-दोनशे वॅट. एसीला त्याच्या सात-आठपट लागतात. अडचण आहे ती पाण्याची. खारपाणपट्ट्यात ताट्यांवर क्षार बसतात आणि हवा कोंडते. शिवाय खिडकीत कूलर बसवला आणि समोर हवा जायला वाट ठेवली नाही, तर खोली नुसती दमट होते. ही वाट नकाशातच काढावी लागते.

पाण्याची गोष्ट इथेच संपत नाही; वीज बनवायलाही ते लागते. पारसला 250 मेगावॉटचे दोन संच आहेत, नांदगावपेठला 1350 मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे. केंद्राच्या 2015 च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. म्हणजे वाया गेलेले प्रत्येक युनिट कोळशाबरोबर पाणीही घेऊन जाते, आणि तेही जिथे नळाची वाट पाहावी लागते त्या मुलखातून.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचे अनुदान मिळते, म्हणून गच्चीवर पॅनेल मागणारे ग्राहक वाढले आहेत. त्यांना पॅनेल जरूर द्या. पण तापलेल्या स्लॅबखालचा एसी चालवायला आणखी पॅनेल लावणे हा उलटा हिशेब आहे. भाड्याच्या घरांत तर तो अधिकच बिघडतो: छत मालकाचे, बिल भाडेकरूचे, त्यामुळे चुना कुणीच लावत नाही.

माझी विनंती एवढीच. येत्या प्रत्येक अंदाजपत्रकात वॉटरप्रूफिंगच्या खाली छताच्या उष्णतारोधनाची एक ओळ लिहा. घरमालकाने ती काटायला सांगितली, तर त्याला मे महिन्यात रात्री दहाला एखाद्या उघड्या स्लॅबच्या घरी घेऊन जा, आणि छताला हात लावायला सांगा.