चिठ्ठीतील न लिहिलेली ओळ

काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्ण भगिनीची दाढ काढावयाची होती. बालपणीच्या ऱ्हुमॅटिक फीव्हरने त्यांच्या हृदयाची झडप निकामी होऊन तेथे कृत्रिम झडप बसविलेली होती. मी दंतवैद्य स्नेह्यांना चिठ्ठी दिली : 'कृत्रिम झडप आहे, अमॉक्सिसिलिन देऊन दाढ काढावी.' थोड्याच वेळात त्यांचा दूरध्वनी आला. "डॉक्टरसाहेब, या बाई कित्येक वर्षे रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी घेत आहेत. हे आपण लिहिले नाही."

ती गोळी मीच चालू ठेवली होती. मी निरुत्तर झालो.

मुखात सुमारे 700 जातींचे जंतू वास करतात. त्यांतील विरिडन्स गटाचे स्ट्रेप्टोकॉकस दाढ काढताना रक्तात शिरतात व कृत्रिम झडपेवर ठाण मांडू शकतात. ते टाळण्यासाठी आपण 30 ते 60 मिनिटे आधी 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन देतो. परंतु पेनिसिलिनची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्याच्या मुखात त्या औषधाला दाद न देणारे जंतूच पुष्कळदा शिल्लक राहिलेले असतात. तीन आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनपेक्षा रोजच्या गोळीने हे अधिक घडते. अशा वेळी त्याच कुळातील औषधाची मात्रा वाढविणे हा उपाय नव्हे, सेफॅलोस्पोरिनही टाळावे. वर्ग बदलून अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन द्यावे. पूर्वी क्लिंडामायसिन देत असू. आतड्यांवरील गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2021 साली ते या उपयोगातून वगळले. मात्र दाढेसाठी मूळची पेनिसिलिनची गोळी बंद करू नये. ऱ्हुमॅटिक फीव्हर पुन्हा उलटण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

हे ज्ञान नवे नाही. पुस्तकात ते आपण सर्वांनी वाचलेले आहे. तरीही चूक होते, कारण हृदय आमचे आणि मुख दंतवैद्यांचे, अशी वाटणी आपण मनाशी करून बसलो आहोत. रुग्णाला ही वाटणी ठाऊक नसते. रोजची गोळी त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की 'काही औषध चालू आहे का?' या प्रश्नाला तो सहज 'नाही' म्हणतो.

इंदूरमधील वैद्यकीय शिक्षणाची परंपरा 1878 पासूनची आहे. शासकीय दंत महाविद्यालयही याच नगरीत आहे. दोन्ही शाखांचे आपण मराठी डॉक्टर स्नेहसंमेलनात एका पंगतीस बसतो. मग रुग्णाच्या कागदावर एकमेकांस का भेटू नये? माझी विनंती एवढीच : दंतवैद्यांकडे रुग्ण पाठविताना चालू प्रतिजैविकाचे नाव, मात्रा व ते किती वर्षांपासून चालू आहे, हे आवर्जून लिहावे. आणि असे औषध घेणाऱ्या प्रत्येकाचे दात व हिरड्या दर सहा महिन्यांनी तपासून घ्याव्यात, म्हणजे दाढ काढण्याची वेळच सहसा येणार नाही.

त्या भगिनींची दाढ औषध बदलून सुखरूप निघाली. त्या दिवसापासून माझ्या चिठ्ठीत ती ओळ सर्वांत वर असते.