सर्पमित्रांशी वैद्यांचे नाते

अगदतंत्र हे आपल्या अष्टांग आयुर्वेदाचे एक स्वतंत्र अंग. पदवीच्या अभ्यासक्रमात त्याला स्थान आहे. व्यवसायात मात्र त्याचे दर्शन क्वचितच घडते. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या चौथ्या अध्यायात सर्पांचे ८० प्रकार सांगितले. फणाधारी ते दर्वीकर, अंगावर मंडले असणारे ते मंडली, पट्टे असणारे ते राजिमंत, अशी लक्षणांवरून विभागणीही केली. राजिमंत सर्प रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, मंडली उर्वरित रात्री आणि दर्वीकर दिवसा संचार करतात, असे तेथे नोंदविले आहे. बिळांपाशी आणि बांधांवर बसून ज्यांनी सर्प पाहिले, त्यांच्या निरीक्षणावाचून असे वर्णन संभवत नाही. हे निरीक्षण पुढे आपल्या हातून सुटले. आज ते ज्यांच्याकडे आहे, त्या सर्पमित्रांविषयी आणि त्यांच्याशी आपल्या व्यवसायाच्या असलेल्या, किंबहुना नसलेल्या, संबंधाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

सरीसृप आणि उभयचर प्राण्यांविषयी आस्था बाळगणाऱ्यांचा आपल्याकडील वर्ग पाश्चात्त्य देशांतील हौशी पाळणाऱ्यांहून वेगळा आहे. तेथे काचेच्या पेटीत अजगर वा सरडे पाळणे हा छंद मानला जातो. आपल्याकडेही मोठ्या शहरांत परदेशी इग्वाना आणि अजगर बाळगणारे आढळतात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी सर्प वा कासव घरी ठेवता येत नाही. म्हणून येथील आस्थेने निराळे वळण घेतले. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७० च्या सुमारास मद्रासला सर्पोद्यान उभारले. सर्पचर्माचा व्यापार बंद झाल्यावर उपजीविका गमावलेल्या इरुला जमातीची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. प्रतिविष लशीसाठी लागणारे सर्पविष तिने देशभर पुरविले. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सर्पांच्या सहवासात ७२ तास काढून लोकांच्या मनातील भीतीला धक्का दिला आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यान आकारास आले. या वातावरणात महाराष्ट्राच्या गावोगावी सर्पमित्र तयार झाले. घरात साप निघाला की काठी शोधण्याऐवजी सर्पमित्राला बोलवावे, ही सवय एका पिढीत लागली. हे सामान्य यश नव्हे.

या वर्गात दोषही आहेत. गळ्यात नाग घालून छायाचित्रे काढविणारे, फण्याचे चुंबन घेऊन टाळ्या मिळविणारे आणि त्यापायी प्राण गमावणारे तरुण आपण वाचत-ऐकत असतो. काही जण पकडलेला साप दिवसेंदिवस बरणीत ठेवतात. विषाच्या चोरट्या व्यापारात सर्पमित्र म्हणविणारेच सापडल्याची उदाहरणे आहेत. परंतु वनविभागाकडे नोंद करून साप सुरक्षित अधिवासात सोडणारा, रात्री दोन वाजता स्वखर्चाने दुचाकीवरून येणारा सर्पमित्रही याच वर्गातला. पावसाळी रात्री आंबोलीच्या घाटात बेडकांचे आवाज ऐकून त्यांच्या जाती नोंदविणारे अभ्यासकही यांचेच सहोदर. थोड्यांच्या उथळपणावरून साऱ्यांची पारख करू नये, ही अपेक्षा आपणही आपल्या व्यवसायाबाबत समाजाकडून बाळगतोच.

आता आपल्या दारी येऊ. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मृतांत बहुसंख्य ग्रामीण भागातले. त्यांतील अनेकांची पहिली धाव मांत्रिकाकडे, भगताकडे किंवा गावातल्या वैद्याकडे असते. शिवाय महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि १०८ च्या रुग्णवाहिकांवर काम करणाऱ्यांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे. सर्पदंशाचा रुग्ण आणि मृत्यू यांच्या मध्ये पुष्कळदा आपलाच माणूस उभा असतो.

मण्याराचे उदाहरण घ्या. हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करतो. वेदना जवळजवळ नसते, दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही. पहाटे रुग्ण पोट दुखते, घसा दुखतो अशी तक्रार करीत उठतो. आम्लपित्त समजून त्याला चूर्ण देऊन परत पाठविले, तर काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वास थांबतो. पावसाळ्यात, पहाटे, जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पोट अकारण दुखू लागले तर मण्याराची शंका घ्यावी, ही गोष्ट जाणता सर्पमित्र सहज सांगतो. राजिमंतांच्या रात्रीच्या शेवटच्या प्रहरातील संचाराविषयी सुश्रुतांनी जे लिहिले, त्याचे व्यावहारिक मोल येथे कळते. आपल्या चिकित्सालयात मात्र ही शंका किती वेळा घेतली जाते?

ग्रंथांत अरिष्टाबंधन, छेदन, आचूषण हे उपक्रम सांगितले आहेत. ज्या काळी दुसरा उपाय नव्हता, त्या काळचे ते उपचार होत. आज घट्ट आवळपट्टीने अवयव गमावतो, आणि घोणस वा फुरसे चावलेल्या रुग्णाचे रक्त गोठत नसल्याने छेद दिल्यास रक्तस्राव आवरत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सर्पांच्या विषावर प्रतिविष लस उपलब्ध आहे. म्हणून दंशित अवयव हलू न देणे, रुग्णास धीर देणे आणि विनाविलंब लस असलेल्या रुग्णालयात पोहोचविणे हाच आज वैद्याचा प्रथमोपचार होय. सापाला शोधण्यात वा मारण्यात एक क्षणही घालवू नये. दुरून छायाचित्र मिळाले तर सर्पमित्र ओळख पटवू शकतो, न मिळाले तरी लक्षणांवरून चिकित्सा होते.

रुग्ण दुसरीकडे पाठविल्याने शास्त्राला कमीपणा येतो, असे काही ज्येष्ठांना वाटते. त्यांच्या शास्त्रनिष्ठेचा आम्ही आदर करतो. परंतु गुल्मचिकित्सेत शस्त्रकर्माचा प्रसंग आला तेव्हा चरकाचार्यांनी तो अधिकार धान्वंतर संप्रदायाचा असे निःसंकोचपणे सांगितले. ज्याचा अधिकार त्याच्या हाती रुग्ण सोपविणे ही आपलीच परंपरा आहे.

दुसरा विषय औषधालयांचा आहे आणि तो अधिक अप्रिय आहे. सर्पमित्र आपल्यापासून दूर राहतात त्याचे मोठे कारण असे की, सरीसृपांच्या चोरट्या बाजारात 'औषधासाठी लागते' हे वाक्य परवलीसारखे वापरले जाते. थरच्या वाळवंटातील सांडा नावाचा निरुपद्रवी, शाकाहारी सरडा पकडून त्याची चरबी कढवितात आणि ते तेल पुरुषत्वासाठी व सांधेदुखीसाठी विकतात. 'हाथाजोडी' या नावाने दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून जी वस्तू विकली जाते, ती प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे वाळविलेले जननेंद्रिय असल्याचे २०१७ साली तपासणीत उघड झाले. मांडूळ या बिनविषारी सापाला दोन तोंडे असल्याच्या भ्रमावर लाखोंचे सौदे ठरतात, आणि त्यातही औषधी गुणांची थाप असतेच.

यावर कोणी म्हणेल की, चरकसंहितेच्या मांसवर्गात गोधा आहे, मंडूकही आहे. आहेत, हे खरेच. परंतु द्रव्य दुर्लभ वा अग्राह्य झाले असता प्रतिनिधिद्रव्य घ्यावे, ही सोय भावप्रकाशकारांनी करून ठेवली आहे. शिवाय घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या अवयवांच्या व्यापारास किमान तीन वर्षांचा कारावास आहे. ग्रंथाधार दाखवून त्यातून सुटका होत नाही. कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ती वेगळीच. एका दुकानाच्या फळीवर सांड्याच्या तेलाची बाटली सापडली, तर बातमीत त्या दुकानाचे नाव दोन दिवस राहते आणि आयुर्वेदाचे नाव वर्षानुवर्षे राहते. शेजारच्या फळीवरील आपले निर्दोष महानारायण तेलही त्या संशयातून सुटत नाही.

तेव्हा आमच्या काही सूचना आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील, वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्रांची आणि प्रतिविष लस हमखास मिळणाऱ्या रुग्णालयांची यादी करून ती चिकित्सालयाच्या व औषधालयाच्या दर्शनी भागी लावावी. मृग नक्षत्रापूर्वीच्या मासिक सभेत एका जाणकार सर्पमित्रास पाचारण करावे. त्याने चित्रांच्या साहाय्याने आपल्या भागातील सर्पांची ओळख करून द्यावी, जिवंत साप मात्र आणू नये. औषधालयाच्या चालकांनी सांड्याचे तेल, हाथाजोडी किंवा घोरपडीचा कोणताही अंश ठेवणार नाही, असे लेखी द्यावे आणि संघटनेने ती सभासदत्वाची अट करावी. असा माल घेऊन येणाऱ्या फेरीवाल्याची खबर वनविभागास देणे हेही आपले काम समजावे.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य केंद्र शासनाच्या मार्च २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे. ते गाठण्यात ग्रामीण वैद्याचा वाटा असेल की तो अडसर म्हणून गणला जाईल, हे आपल्या वर्तनावर ठरेल. सर्प ओळखणारा सर्पमित्र आणि रुग्ण ओळखणारा वैद्य हे दोघे एकाच गावात राहतात, एकाच रस्त्याने जातात. येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांची निदान ओळख तरी व्हावी, असे आमचे सर्व सभासदांस आग्रहाचे सांगणे आहे.