मयताच्या खात्यातील पैसा कुणाचा?

घरातला कर्ता माणूस गेला की जलदान विधी होण्याआधीच पैशांची ओढाताण सुरू होते. पासबुकात रक्कम असते, हाती मात्र येत नाही. मग शेजारचा कोणी शहाणा सांगतो, "एटीएम कार्ड आहे, पिन ठाऊक आहे, काढून घ्या!" हा सल्ला घातक आहे. खातेदाराचा श्वास थांबला की ते कार्ड वापरण्याचा घरच्यांना अधिकार उरत नाही. पुढे भाऊबंदकी पेटली तर हेच पैसे पोलीस तक्रारीचे कारण होतात.

पण लोक या आडवाटेला का जातात? सरळ वाट बँकांनीच काटेरी करून ठेवली म्हणून! "नॉमिनी नाही? कोर्टातून दाखला आणा," एवढे एक वाक्य काउंटरवरून फेकले की साहेबांचे काम संपले. वीस-पंचवीस हजारांसाठी सफाई कामगाराच्या विधवेने वकील गाठायचा, तारखा करायच्या, रोज बुडवायचा!

रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेले निर्देश वस्तीवस्तीत वाचून दाखवले पाहिजेत. नॉमिनी असेल आणि वाद नसेल, तर रक्कम कितीही असो, बँकेला उत्तराधिकार प्रमाणपत्र मागता येत नाही. नॉमिनी नसला, मृत्युपत्र वा वाद नसला, तर १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत यांवर दावा निकाली निघतो. वारस दाखला नसेल तर कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या व्यक्तीचे घोषणापत्र चालते. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत निकाल. बँकेमुळे उशीर झाला तर व्याजासह भरपाई. हे लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. नॉमिनी म्हणून दिराचे किंवा थोरल्या मुलाचे नाव असते आणि तो पैसे उचलून मालक होऊन बसतो. तो मालक नव्हे! सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तलवार खटल्यात हे स्पष्ट केले. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित ठेवीत विधवा, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांचा सारखा वाटा असतो. स्त्रीच्या याच हक्कासाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या बाबासाहेबांनी ते रखडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांच्या तसबिरीखाली बसून वहिनीचा, बहिणीचा वाटा गिळणाऱ्याने जयभीम कोणत्या तोंडाने म्हणावे?

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार नॉमिनी देता येतात. पत्नीचे नाव आजच नोंदवा. आणि दावा घेऊन गेल्यावर बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.