‘एस’ सोडू नकोस!

संध्याकाळची कल्याण स्लो. दाराजवळ टेकून एक कॉलेजचा मुलगा तळहाताएवढ्या ‘४०० इन १’ डब्यावर काँट्रा खेळत होता. काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळतो ना, तोच. शेजारी ऑफिसची बॅग पोटाशी धरून चाळिशी ओलांडलेले एक काका. पाच मिनिटं ते खिडकीबाहेर बघायचं नाटक करत होते. मग राहवलं नाही. ‘एस घे! अरे, एस सोडू नकोस!’ मुलगा दचकला, पण त्याने उडी मारून एस घेतला. घाटकोपर ते ठाणे हे दोघे एकमेकांशी असे बोलत होते, जणू एकाच वाड्यात वाढले आहेत.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: काँट्रामध्ये हवेतून उडत येणाऱ्या डब्या फोडल्या की बंदूक बदलते. त्यात एस म्हणजे एकाच वेळी पाच दिशांना गोळ्या. ती मिळाली की माणूस राजा. मेलात की गेली.

मला प्रश्न पडला तो काकांबद्दल नाही. काकांचं बालपण त्यात आहे, त्यांचे डोळे पाणावले तरी चालेल. प्रश्न त्या मुलाचा आहे. तो फार तर २००५ चा. त्याच्या जन्माच्या वेळी हा गेम सतरा-अठरा वर्षांचा होऊन गेला होता. मग तो त्याला कशासाठी हवाय? आणि तो एकटा नाहीये. मारिओचे टी-शर्ट, पिक्सेलवाले वॉलपेपर, आठ-बिटी ट्यून लावलेली रील्स. जो काळ आपण जगलोच नाही, त्याची आठवण आपल्याला का येते?

आधी वस्तू काय होती ते बघू. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडोने ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या हाताखाली तो बनला. दोन वर्षांनी तोच वेगळ्या खोक्यात, ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत गेला. तिथे तेव्हा व्हिडिओ गेमचा धंदा झोपला होता. दुकानदार गेम म्हटलं की हात जोडत होते, इतके अटारीच्या काळातले वाईट गेम त्यांच्याकडे पडून होते. ‘ई. टी.’ या गेमच्या न खपलेल्या कॅसेट १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. पुढे कित्येक वर्षं लोक ही दंतकथाच समजत होते. २०१४ मध्ये खणून पाहिलं तर खरंच सापडल्या. अशा मेलेल्या बाजारात निन्टेंडो उतरला आणि फॅमिकॉम-एनईएस मिळून जगभरात सहा कोटींच्या वर मशीन विकली.

या सहा कोटींत आपण जवळपास नाहीच. आपल्याकडे घराघरांत आली ती त्याची नक्कल. आतली करामत तीच, वरचं प्लास्टिक वेगळं. ‘लिटल मास्टर’, पुढे ‘मिताशी’, आणि खोक्यावर काहीही नाव असलेले डझनभर प्रकार. आपण त्याला कन्सोल म्हणत नव्हतो. तो ‘टीव्ही गेम’. कार्ट्रिजला ‘कॅसेट’, कंट्रोलरला ‘रिमोट’. अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर खोचायची, मग टीव्हीचं चॅनल मुंग्यांमधून चित्र उमटेपर्यंत ट्यून करत बसायचं. मागून आईचा आवाज: ‘पिक्चर ट्यूब उडेल हं!’ कुणाची कधी उडाल्याचं ऐकलं नाही. पण धाक प्रत्येक घरात होता.

कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. हे ज्ञान पुण्यात, लातूरमध्ये, ब्राझीलमध्ये आणि ओहायोतही पोरांना आपोआप झालं होतं. निन्टेंडोने मात्र फुंकू नका असं सांगितलं होतं, कारण तोंडातल्या वाफेने आतल्या पिना गंजतात. फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा लावताना पिना नीट टेकायच्या, म्हणून गेम चालू व्हायचा. फुंकर आपली उगाच भाव खाऊन गेली.

आणि ती ‘९९९९९९९ इन १’ची कॅसेट! शंभराव्या नंबरलाही मारिओच, फक्त तिसऱ्या लेव्हलपासून. खरे गेम पाच-सात. फसवणूक होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, तरी पुढची कॅसेट घेताना आकडा बघूनच घेतली.

मुद्दा असा की या गेममध्ये फार काही नव्हतं. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० किलोबाइटचा आहे. तुम्ही सकाळी पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच वापरलंय, नुसता रंग बदललाय. पुढच्या वेळी बघा, पांढरा केला की ढग, हिरवा केला की झुडूप. पण त्या ४० किलोबाइटमध्ये गेम पूर्ण होता. सुरुवात होती, शेवट होता. अपडेट नाही, लॉगिन नाही, ‘बॅटल पास’ नाही. आणि तो तुमच्या कपाटात होता.

इथे मला वाटतं त्या लोकलमधल्या मुलाचं उत्तर आहे.

तुमच्यातले बरेच जण २०२० मध्ये आठवी-दहावीत होते. लॉकडाऊन, मोबाइल आणि पबजी. २ सप्टेंबरला सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचे भारतातले सर्व्हरही बंद झाले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. सुरक्षेचं कारण दिलं गेलं होतं आणि ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण वाढदिवसाच्या पैशातून घेतलेली बंदुकीची स्किन, वर्षभर घासून मिळवलेली रँक, सगळं तुमचंच समजून चालला होतात ना? पुढे बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही गेला, २०२३ मध्ये परत आला. या सगळ्या येण्याजाण्यात तुम्हाला कुणी विचारलं नाही. काकांची काँट्राची कॅसेट मात्र कुठलाही आदेश काढून थांबवता आली नसती.

हे फक्त सरकारच्या बंदीचं नाही. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतलेला गेम. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सर्व्हर लागायचा, त्यामुळे गेम एका दिवसात शोपीस झाला. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. मागणी साधी: बंद करायचा तर करा, पण विकलेला गेम चालू राहील अशी काहीतरी सोय ठेवून जा. युरोपीय संघाकडे दिलेल्या त्यांच्या मागणीपत्रावर २०२५ च्या उन्हाळ्यात दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की, डिजिटल दुकानाने ‘विकत घ्या’ असं लिहून प्रत्यक्षात फक्त वापराचा परवाना देऊ नये. देत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. म्हणजे ‘घेतलं’ या शब्दाचा अर्थ काय, यावर आता कायदे करावे लागताहेत.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. जुगारामुळे बुडालेल्या घरांकडे बघता तो यायला हवाच होता, असं माझं मत. पण त्या वेळची चर्चा आठवा. ‘गेमिंग’ म्हणजे रमी, फँटसी क्रिकेट आणि कर. मुलं जो खेळ खेळतात, त्यावर पैसे खर्च करतात, तो उद्या नाहीसा झाला तर ग्राहक म्हणून त्यांचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात कुठेच नव्हता.

जुन्या गेमचं काय झालं, तेही फार सुखाचं नाही. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली. तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी जेमतेम १३ टक्के आज बाजारात रीतसर मिळतात. उरलेले ८७ टक्के हवे असतील तर जुनं मशीन शोधा, ग्रंथालयात जा नाहीतर चोरवाटेने डाउनलोड करा. अभ्यासकांना घरबसल्या हे गेम उघडता यावेत म्हणून तिथल्या कॉपीराइट कार्यालयाकडे सवलत मागितली गेली. २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. गेम कंपन्यांचाच विरोध होता. त्याच कंपन्या आठवणी मात्र विकतात. निन्टेंडोने २०१६ मध्ये ३० गेम भरलेला छोटा एनईएस काढला, तो हातोहात संपला. आता ते जुने गेम महिन्याच्या वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की मारिओही थांबला.

गंमत अशी की जे टिकलं ते चोरांमुळे. लोकलमधला तो ‘४०० इन १’ काही कोनामीची परवानगी काढून बनलेला नाही. आपली अख्खी टीव्ही गेमची संस्कृती नकलेवर उभी होती, आणि ज्याला आपण ‘आमचं बालपण’ म्हणतो ते कायद्याच्या भाषेत पायरसी होतं. हे मान्य करायला अवघड जाऊ नये. मूळ मशीन आपल्या मध्यमवर्गीय घरांना परवडलं नसतं, बऱ्याच ठिकाणी पोहोचलंच नाही. मान्य करायला अवघड जातं ते हे की, नक्कल असल्यामुळे आपल्या या काळाची नोंद कुणीच ठेवली नाही. किती विकले, कुठे जोडले जायचे, कॅसेट कुणी भरल्या, वरची ती भलतीच चित्रं कुणी काढली? ती माणसं अजून दुकानांच्या गल्ल्यावर बसलेली असतील. इतिहास, मीडिया स्टडीज नाहीतर कॉमर्सला असाल आणि प्रोजेक्टला विषय मिळत नसेल तर हा घ्या. लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ दोन संध्याकाळ गप्पा मारायच्या. तुमच्या गावातल्या टीव्ही रिपेअरवाल्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

सगळंच वाचवता येतं असंही नाही. डक हंटची बंदूक घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. म्हणजे गोळी बंदुकीतून निघतच नव्हती, टीव्हीतून बंदुकीत यायची! (बल्बवर नेम धरून फसवायला जाल तर जमायचं नाही, आधीचा काळोख तपासला जायचा.) हा सगळा हिशेब जुन्या फुगीर टीव्हीच्या वेगावर बेतलेला. आजच्या एलईडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, तेवढ्यात बंदूक म्हणते, नेम चुकला. मशीन जपलं, कॅसेट जपली, तरी टीव्ही भंगारात गेला की बदकं अमर.

आता थोडं स्वतःवरही. हे वाचताना तो काळ फार छान वाटत असेल तर थांबा. आमच्या गल्लीत टीव्ही गेम दोनच घरांत होता. त्या घरातल्या मुलाचा मूड सांभाळावा लागायचा. वाटेकऱ्याला आउट झाल्यावर अर्धा तास वाट बघावी लागायची. मारिओमध्ये सेव्ह नव्हतं, आठव्या जगात पोहोचलो आणि लोडशेडिंग झालं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणंच नव्हती. मूळ फॅमिकॉमलाही नव्हती. तो दुसरा रिमोट कायम माझ्या धाकट्या बहिणीकडे असायचा. गेम कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, कोणता लावायचा, सगळं पहिल्या रिमोटच्या हातात, म्हणजे माझ्या. काँट्राच्या धबधब्याच्या लेव्हलला मी भराभर वर चढायचो, पडदा माझ्याबरोबर वर सरकायचा आणि ती खाली राहिली की मरायची. मी म्हणायचो, ‘तुला खेळता येत नाही.’

अलीकडे तिला मी एक गोष्ट सांगितली, जी मलाही फार उशिरा कळली. आमच्या कॅसेटसोबत माहितीपत्रक कधीच नव्हतं, त्यामुळे कळायला मार्गच नव्हता. डक हंटमध्ये एक बदक येणाऱ्या प्रकारात, एकाच्या हातात बंदूक असताना दुसरा रिमोट घेऊन ते बदक हलवू शकतो. नेम धरणाऱ्याला चकवू शकतो. बंदूक अर्थात माझ्याकडे असायची आणि रिमोट तिच्यासमोर सतरंजीवर पडलेला.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे ती सगळी बदकं माझी होती?’